सातवी फळी

ही गोष्ट खोटी असती, तर माझ्या मामाची करंगळी आज सरळ असती.

एवढंच सांगतो. बाकी विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

आणि आधीच सांगून ठेवतो, ही मध्यरात्रीची गोष्ट नाही. रविवार होता. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत पाहुणे, गॅसवर चहाचं आधण. अशा वेळी भुतंसुद्धा झोपलेली असतात असं आपण समजतो.

आपण काहीही समजतो.

मामा फर्निचरच्या शोरूममध्ये फिटर आहे. ग्राहकाने पलंग घेतला की त्याचे सुटे भाग घरी पोचतात आणि मागोमाग पेटी घेऊन मामा पोचतो. त्यातही लहान मुलांचे दुमजली पलंग म्हणजे मामाचा हातखंडा. एकावर एक दोन पलंग, मध्ये शिडी, वर कठडा.

हा पलंग जोडताना मामाचं तोंड हातापेक्षा जास्त चालतं. सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मुलाला वर झोपवायचं नाही. वरची गादी पातळ हवी, तिच्यावर वीतभर कठडा उरला पाहिजे. भिंतीकडूनही कठडा हवाच, नाहीतर पोर भिंत आणि गादीच्या मध्ये अडकतं. पलंग पंख्याखाली नको. शिडीला ओढणी, दोरी काही बांधायचं नाही. मग तो कठड्याच्या फटीत स्वतःची मूठ घालून बघतो. मूठ गेली तर पलंग नापास. शेवटी स्वतः वर चढतो, आडवा होतो आणि कठड्यावर धाडकन एक लोळण घेतो. कठडा कण्हला नाही, तरच ग्राहकाची सही.

हे सगळं दुसऱ्यांच्या घरी. स्वतःच्या दोन्ही मुली मात्र जमिनीवर गादी घालून झोपायच्या. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मामा मनाचा चांगला. पण जळका. हे मी त्याच्या तोंडावर सांगतो आणि तो हसतो. पोरांच्या स्वतंत्र खोल्या, भिंतीवर ढगांची चित्रं, जुळणारे पडदे बघून आला की त्याच्या पोटात दुखायचं. जेवताना गप्प बसायचा. मोठी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती विचारायची, "बाबा, आज कुणाकडे लावलात?" मामा सांगायचा आणि ती ओठ मुडपून ऐकायची. धाकटी पाच वर्षांची, तिला त्यातलं एवढंच कळायचं की जगात सगळ्यांकडे शिडी आहे आणि आपल्याकडे नाही.

त्यात मामाच्या साडूने आपल्या मुलांसाठी दुमजली पलंग घेतला. तोही दुसऱ्या शोरूममधून.

"ताई म्हणत होती, फार मजबूत आहे हो," मामी घरी येऊन म्हणाली.

"मजबूत? मूठ आरपार जाते त्याच्या कठड्यातून!" मामा तडकला.

"त्यांच्याकडे कठडा तरी आहे."

मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पंधरा दिवसांनी गोदामात एक पलंग मोडीत निघाला. एका खांबाला ओरखडा आणि वरच्या गादीखालच्या तेरा फळ्यांपैकी एक तुटलेली. साहेब म्हणाले, "हवा तर घेऊन जा." मामाने अक्षरशः उडी मारली. फुकट ते पौष्टिक!

प्रश्न एका फळीचा होता.

गोदामाच्या कोपऱ्यात जुन्या, परत आलेल्या पलंगांच्या फळ्यांची चवड असते. दुरुस्तीला लागली की त्यातून एखादी काढायची. मामा ज्यांच्या हाताखाली काम शिकला, ते म्हातारे मिस्त्री मात्र म्हणायचे, "एका पलंगाची फळी दुसऱ्याला लावू नये. मापात सुताचाही फरक असला तर सरकते." साधं कारण. भूतबाधेचं नाही, मापाचं.

मामाने टेप लावली. फळी सुतासारखी बरोबर होती. एका अंगाला पेन्सिलच्या रेघा दिसल्या. पण फिटरला लाकडावरच्या पेन्सिलच्या रेघांचं काय कौतुक? दिवसभर तेच बघतो. मापाच्या खुणा असतील म्हणून त्याने वाचल्यासुद्धा नाहीत.

दुसऱ्या कुणीही वाचल्या असत्या.

त्याने ती मधोमध लावली. सातवी. रेघांचं अंग खाली.

पलंग उभा राहिला. मूठ, वीत, लोळण, सगळं झालं. मोठी वर, धाकटी खाली. धाकटीने जो गळा काढला तो तीन दिवस आवरला नाही.

"ताईलाच का वर? मला का नाही?"

"सहा पूर्ण झाली की तू वर. नियम म्हणजे नियम."

"ताईचा नियम घाणेरडा आहे!"

मामी म्हणाली, "रडेल दोन दिवस आणि होईल गप."

चौथ्या दिवशी ती खरंच गप्प झाली.

एकदम शहाणी. खेळणी उचलायची, सांगितलं की झोपायची. वर झोपायचा हट्ट नाही की ताईशी भांडण नाही. मामी खूश. शेजारीपाजारी सांगत सुटली.

फक्त... दुपारी शाळेतून आली की धाकटी खालच्या पलंगावर उताणी पडून राहायची. वरच्या फळ्यांकडे बघत. आणि हळू आवाजात बोलायची.

मध्येच थांबायची. जणू कुणाचं तरी ऐकून घेतेय.

आठवड्याने मोठीने तक्रार केली. "बाबा, ही खालून मला लाथा मारते. बरोब्बर पाठीखाली. मधल्या फळीवर."

ठक... ठक...

मामाने स्वतः ऐकलं. संध्याकाळी सहाची वेळ, मोठी वर गोष्टीचं पुस्तक वाचत होती. मामा दारात आला आणि आवाज थांबला. धाकटी पांघरूण घेऊन एका कुशीवर होती.

"पाय मारतेस का गं?"

"मी नाही. खालची मारते."

"कोण खालची?"

"माझ्या शेजारी झोपते ती."

मामा हसला. पण फिटरच तो. गंमत म्हणून टेप काढली. खालच्या गादीपासून वरच्या फळीपर्यंत... पस्तीस इंच. धाकटीचा पाय, पूर्ण ताणून... एकवीस.

त्याने पुन्हा मोजलं.

एकवीस.

मग हसला नाही.

"ती काय म्हणते तुझी खालची?" त्याने विचारलं.

धाकटी मोठ्या माणसासारखी सुस्कारा टाकून म्हणाली, "म्हणते, ताया नेहमी वर. आपण नेहमी खाली. आपली पाळी कधी येतच नाही."

त्या आवाजात काय होतं, हे मामा मला नीट सांगू शकला नाही. एवढंच म्हणाला, "अरे, मी जळका माणूस. जळणं मला ओळखता येतं. ते माझ्या पोरीचं नव्हतं. तिचं कसं, रडली की संपलं. हे फार जुनं होतं रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या कठड्याचा एक बोल्ट सैल निघाला.

मामाने पाना लावून घट्ट पिळला. तिसऱ्या दिवशी दोन बोल्ट सैल. एक तर नुसत्या बोटाने फिरत होता. पान्याची पेटी मामाच्या पलंगाखाली, कुलपात. मोठी रात्रभर त्याच कठड्याला टेकून झोपलेली.

चौथ्या दिवशी एक बोल्ट गायबच.

तो सापडला धाकटीच्या उशीखाली.

"तू काढलास?"

"नाही. तिने दिला. म्हणाली, जपून ठेव."

मामीचा चेहरा उतरला. "अहो, हे धूड आजच्या आज बाहेर काढा. मोठी पडली तर? जमिनीवर झोपत होत्या तेच बरं होतं."

मामालाही तेच वाटत होतं. पण येत्या रविवारी साडू येणार होता. पलंग बघायला. मामाने मुद्दाम बोलावलं होतं!

"रविवार होऊ दे," मामा म्हणाला. "सोमवारी काढतो. तोवर मोठी आपल्याजवळ झोपेल."

एका साडूच्या नाकावर टिच्चून पलंग दाखवायचा, म्हणून दोन दिवस. मामा आजही हे सांगताना कपाळावर हात मारतो.

आता तो रविवार.

साडू, मामीची बहीण आणि त्यांची दोन दांडगट मुलं जेवूनच आली. मुलं पलंगावर माकडासारखी चढतील म्हणून मामाने आधीच शिडी काढून गॅलरीत ठेवली आणि गॅलरीच्या दाराला कडी घातली. ही गॅलरी बाहेरच्या खोलीला होती, हे लक्षात ठेवा. एक वाजता कठड्याचे चारही बोल्ट पिळले. वर कुणी जाऊ शकणार नव्हतं. गेलं तरी पडणार नव्हतं. अठरा वर्षांचा अनुभव होता.

पलंग दाखवून झाला. साडूने खांबावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"छान आहे. फुकटात मिळाला म्हणे?"

मामाने दात ओठ खाऊन हसून दाखवलं.

तीन वाजता धाकटी खालच्या पलंगावर झोपून गेली. मोठी मावसभावांना घेऊन खाली अंगणात खेळायला गेली. चारही मोठी माणसं बाहेरच्या खोलीत, गॅलरीच्या दाराशीच बसली होती. मामी त्याच खोलीतल्या ओट्याशी चहाला उठली. साडू आपल्या पलंगाच्या लाकडाचं कौतुक सांगत होता आणि मामाच्या पोटात नेहमीचं दुखणं सुरू झालं होतं.

साडेतीन.

आतून आवाज आला...

कर्र...

लाकडावर पेन्सिल ओढल्याचा. मामा तो झोपेतही ओळखेल.

"उंदीर आहेत का हो तुमच्याकडे?" मेहुणीने विचारलं.

मामा कान देऊन होता.

मग दुसरा आवाज. गादीवर कुणीतरी कूस बदलल्याचा. पण खालून नाही...

वरून.

आणि मग कठडा कण्हला.

हा आवाज मामाने अठरा वर्षं प्रत्येक घरात मुद्दाम काढून बघितला होता, आणि तो येऊ नये म्हणून बोल्ट पिळले होते. तो धावला. हातातला पाण्याचा पेला कुठे पडला ते त्याला आजही ठाऊक नाही.

धाकटी वरच्या पलंगावर होती.

कठड्याला पाठ टेकून, पाय पसरून बसली होती. हसत होती. शिडी जागेवर नव्हती. खालच्या पलंगावर, तिच्या उशीच्या मधोमध, चार बोल्ट ओळीने मांडून ठेवले होते.

कठडा नुसता उभा होता. कशाच्याही आधाराशिवाय.

"हलू नकोस," मामा म्हणाला. ओरडला असता तर ती दचकली असती. "बाळा, हलू नकोस. मी येतो."

"बाबा, आज माझी पाळी."

"हो. तुझीच पाळी. पण हलायचं नाही हं."

तीन पावलं. मामा सांगतो, एवढी लांब खोली त्याने जन्मात पाहिली नाही. त्याने हात वर केले आणि त्याच क्षणी ती लाडाने मागे रेलली. कठडा सुटला. पोर त्याच्या डाव्या हातात आली आणि कठडा उजव्या हातावर.

करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज साडूलाही बाहेर ऐकू गेला.

मामाने पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं. ती मात्र त्याच्या खांद्यावरून वर बघत होती.

"बाबा," ती कुजबुजली, "तिला पण उतरवा ना."

मामाने वर बघितलं. बघायला नको होतं.

गादीवर धाकटी बसली होती तिथे खळगा पडला होता. आणि त्याच्या शेजारी... आणखी एक. तेवढाच लहान.

पहिला खळगा बघता बघता भरून आला.

दुसरा हळूहळू भरून आला. कुणीतरी सावकाश उठल्यासारखा.

गॅलरीची कडी तशीच होती. शिडी बाहेर उन्हात तापत होती. आत जाताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं.

साडूनेच पाना मागितला, बाह्या सरसावल्या आणि पलंग उतरवायला सुरुवात केली. त्या दिवसापासून मामा साडूवर कधी जळला नाही. मोटारसायकल घेतली तेव्हा थोडासा, पण ते सोडा.

सातवी फळी साडूच्या हातात आली. त्याने ती उलटी केली आणि वाचली. मग नुसतीच मामापुढे धरली.

लहान मुलाचं वाकडंतिकडं अक्षर. खालच्या पलंगावर उताणं पडून, हात वर करून लिहिलेलं. कुणाच्या तरी घरातल्या दोन बहिणींनी वर कोण झोपलं याच्या खुणा केल्या होत्या. दोन रकाने.

एकावर लिहिलं होतं, 'ताई'. त्याखाली रेघाच रेघा. फळीच्या टोकापर्यंत.

दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'मी'.

त्याखाली एकच जुनी, पुसट रेघ होती. त्या एका पाळीनंतर तिने पुढची रेघ का ओढली नाही, हे खोलीतल्या कुणीच मोठ्याने विचारलं नाही.

आणि त्या रेघेच्या शेजारी दुसरी. ताजी. हात लावला तर पेन्सिलची पूड बोटाला लागली.

मामाच्या घरात पेन्सिली होत्या. पण त्या मोठीच्या दप्तरात, आणि दप्तर बाहेरच्या खोलीत, मेहुणीच्या पायाशी होतं.

मामाने सगळा पलंग त्याच संध्याकाळी टेम्पोत घालून गोदामात नेला. ती फळी तो जाळणारच होता. पण हात सुजून भाकरीएवढा झालेला, साहेबांनी तसाच दवाखान्यात पिटाळला. आठ दिवस सुट्टी. आणि त्या आठ दिवसांत मामाच्या जोडीदाराने, लांब्याने, गोदाम आवरलं. लांब्या फार टापटिपीचा. त्याने सगळ्या फळ्या त्या कोपऱ्यातल्या चवडीवर रचून टाकल्या.

मामा परत आला तेव्हा चवड निम्मी झाली होती.

"पेन्सिलच्या रेघांची एक होती, ती कुठेय?"

"आठ-दहा लागल्या ह्या आठवड्यात दुरुस्तीला," लांब्या म्हणाला. "कुठली कुठे गेली कोण लक्षात ठेवतो? आणि रेघा तर सगळ्यांवरच असतात!"

त्याचंही बरोबरच होतं. तो फिटर होता.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. दुरुस्तीला गेला की मामा आधी खालच्या पलंगावर उताणा झोपतो. लोकांना वाटतं, काय बारकाईने तपासतो हा माणूस! बक्षीससुद्धा देतात.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे होतो तेव्हा फोन आला. समोरची बाई वैतागली होती. वरच्या कठड्याचे बोल्ट रोज आपोआप सैल होतात म्हणाली.

मामा जेवता जेवता थांबला.

"खाली कोण झोपतं?"

"धाकटी. का हो?"

"ती वर झोपायचा हट्ट करते का?"

"पूर्वी फार करायची. हल्ली नाही हो, एकदम शहाणी झालीय."

मामा हात न धुताच निघाला. मीही मागे धावलो. त्या घरातल्या दोन्ही मुली धडधाकट होत्या, हे आधी सांगतो. मामा खालच्या पलंगावर आडवा झाला आणि वर बघत राहिला. मग एक फळी काढली, नवी बसवली, बोल्ट पिळले आणि जुनी फळी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. त्या बाईंना म्हणाला, "वाळवी होती."

गच्चीवर जाळायच्या आधी मी ती उलगडून बघितली. सगळं मामाने सांगितलं होतं तसंच. ते अक्षर, ते दोन रकाने.

फक्त 'मी'च्या खाली मामाने दोन रेघा बघितल्या होत्या.

आता पाच होत्या.

मधल्या तीन कुठल्या घरांतल्या, तिथे खाली हात धरायला कुणी होतं की नव्हतं, हे शोधायची हिंमत ना मामाला झाली, ना मला. फळी पूर्ण जळेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.

खाली आलो तेव्हा धाकटी अभ्यास करत बसली होती. आता ती अकरा वर्षांची आहे. त्या दुपारचं तिला काही आठवत नाही, असं ती नेहमी सांगते. आमच्या कपड्यांना धुराचा वास येत होता. तिने वहीतून डोकं वर काढलं, आधी माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे.

"जाळलीत?" तिने विचारलं.

मामाने होकारार्थी मान हलवली.

ती थोडा वेळ पेन्सिल हातात धरून बसली.

"मग बाबा," ती म्हणाली, "आता ती कुठे झोपणार?"